‘सैनिक’ या शब्दाचा अर्थविस्तार आणि स्त्रियांच्या सन्मानाचा प्रश्न

दरवर्षी १७ सप्टेंबर रोजी मराठवाड्यातील इतर जिल्ह्यांप्रमाणे हिंगोलीतही मुक्तिसंग्राम दिन शासकीय ध्वजारोहणाने साजरा होतो. १९४८ साली हा प्रदेश निजामी राज्याच्या परभणी जिल्ह्यात मोडत होता. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. हैदराबाद कंटिंजंटची छावणी एके काळी हिंगोलीतच असल्याने सैन्याची स्मृती या गावाला नवी नाही. ती स्मृती मात्र बहुतांशी पुरुषांची आहे. स्त्रियांच्या शस्त्रधारी सेवेचा स्वतंत्र सन्मानसोहळा करावा असा ठराव उद्या विधिमंडळासमोर आला, तर त्यात कोणता शब्द योजावा, हा प्रश्न वाटतो तितका गौण नाही.

प्रचलित शब्द पाहावेत. ‘वीरमाता’ आणि ‘वीरपत्नी’ हे उघडच षष्ठी तत्पुरुष समास होत. त्यांतील वीर म्हणजे पुत्र वा पती. ‘वीरनारी’ हा समास रचनेने कर्मधारय, म्हणजे ‘वीर अशी नारी’. तथापि लष्करी व्यवहारात तो दिवंगत सैनिकाच्या पत्नीसाठी रूढ झाला आहे. समास तोच राहिला, पण शौर्य मात्र स्त्रीकडून तिच्या पतीकडे गेले. अर्थसंकोचाचे इतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

उलट ‘स्वातंत्र्यसैनिक’ या शब्दात ‘सैनिक’ पदाचा अर्थ विस्तारला. केंद्र सरकारची १९७२ ची निवृत्तिवेतन योजना १९८० पासून ‘स्वतंत्रता सैनिक सन्मान’ या नावाने चालली. हिच्यात हाती शस्त्र न धरलेला सत्याग्रहीही सैनिक ठरला, आणि ते योग्यच झाले. कारावासाची अट सामान्यतः सहा महिन्यांची. स्त्रियांसाठी ती तीन महिन्यांवर आणली गेली. परंतु सवलत दिली तरी मापदंड तुरुंगाचाच राहिला. भूमिगत कार्याची नोंद असली तरी तिला वॉरंट, न्यायालयीन कागद किंवा मान्यताप्राप्त सैनिकाचे प्रमाणपत्र लागे. वऱ्हाडच्या सीमेवरील शिबिरांत भाकरी, निरोप वा काडतुसे पोहोचविणारी बाई पकडली गेली नाही यातच तिचे यश होते. नेमक्या त्याच यशामुळे तिच्याजवळ कागद उरला नाही.

शस्त्र धरलेल्या स्त्रियाही होत्याच. भूम तालुक्यातील ईट येथील गोदावरीबाई टेकाळे यांनी बंदूक हाती घेऊन रझाकारांशी सामना केला व त्यातच त्यांचा अंत झाला. बदनापूर तालुक्यातील धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके याही सशस्त्र लढ्यात होत्या. त्यांना ‘मराठवाड्याची झाशीची राणी’ म्हटले जाते. येथेही शौर्याला नाव उसने घ्यावे लागले, हे लक्षात घ्यावे. पुढे दोन वर्षांच्या आतच, १९५० च्या सैन्य अधिनियमाच्या कलम १२ ने, केंद्र सरकार अधिसूचनेने सांगेल त्या शाखांखेरीज स्त्रियांना सैन्यभरतीस अपात्र ठरविले. परिचारिका सेवेबाहेरच्या काही शाखांत अधिकारी म्हणून त्यांचा प्रवेश झाला तो १९९२ नंतर, आणि स्थायी नियुक्तीचा प्रश्न २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयात सुटला. कायद्याच्या भाषेत स्त्री-सैनिक दीर्घकाळ अपवादवाक्यातच राहिली.

सोहळा करण्यास विधिमंडळाची संमती आवश्यकच असते असे नाही. शासन निर्णयाने तो होऊ शकतो, खर्चाला मात्र सभागृहाची मंजुरी लागते. ठरावाने येते ती प्रतिष्ठा, अंमल नव्हे. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव दोन्ही सभागृहांनी जुलै १९७८ मध्ये केला. नामविस्तार प्रत्यक्षात आला १४ जानेवारी १९९४ रोजी.

म्हणून अशा ठरावात ‘वीरनारी’ हा शब्द टाळावा आणि ‘सैनिक’ हेच पद ठेवावे. मराठीत त्याला वेगळ्या स्त्रीलिंगी रूपाची गरज नाही. ‘त्या सैनिक होत्या’ या वाक्यात सर्वनाम व क्रियापद ते काम बिनबोभाट करतात. त्यापुढे कोणती कृत्ये सेवा म्हणून गणावयाची, त्यांची यादी द्यावी: शस्त्र चालविणे, वाहणे, लपविणे, निरोप नेणे. पुराव्यादाखल गावातील मौखिक साक्ष धरावी की नाही, हे त्याच मसुद्यात लिहावे लागेल.