करारातला सद्भाव: रोमच्या बागेपासून आपल्या कलम 17 पर्यंत

मागच्या व्याख्यानात आपण प्रस्ताव आणि स्वीकृती पाहिली. आज प्रश्न वेगळा आहे: करार रीतसर झाला, पण समोरचा सरळपणे वागलाच नाही, तर?

सिसेरोने एक किस्सा सांगितलाय. कॅनियस नावाच्या रोमन गृहस्थाला सिरॅक्यूजला बाग घ्यायची होती. पिथियस नावाच्या सावकाराने त्याला आपल्या बागेत जेवायला बोलावलं आणि कोळ्यांना आधीच सांगून ठेवलं की उद्या मासेमारी माझ्या बागेसमोरच करा. पाहुण्यासमोर होड्यांची गर्दी, माशांचा ढीग! कॅनियसने मागेल ती किंमत कबूल केली, वहीत देणं नोंदवलं. दुसऱ्या दिवशी एकही होडी नाही. शेजारी म्हणाला, इथे कुणीच मासे धरत नाही, काल काय झालं याचं मलाच नवल वाटलं. कॅनियस चिडला, पण करणार काय? कपटाविरुद्धचा दावा तोवर रोमन कायद्यात नव्हता. तो पुढे गायस अक्विलियसने आणला.

जुन्या रोमन तोंडी करारात ठरलेले शब्द उच्चारले का, एवढंच न्यायाधीश बघायचा. विक्री, भाडं, भागीदारी यांसाठी मात्र वेगळं सूत्र आलं: ‘बोना फिडेस’नुसार, म्हणजे सद्भावाने, प्रतिवादी जे देणं लागतो ते. शाळेत आपण ‘बोनाफाईड’ मागायला जातो ना, तोच शब्द. आता न्यायाधीशाला माणसाची वागणूक तपासता येऊ लागली. आमच्या मते खरा बदल हाच.

इंग्लंडमध्ये 1766 साली, सुमात्रातल्या मार्लबरो किल्ल्याच्या विम्यावरून झालेल्या खटल्यात, लॉर्ड मॅन्सफील्डने हे तत्त्व सर्व करारांना लागू आहे असं म्हटलं. पुढे इंग्रजी कायद्याने ते मुख्यतः विम्यापुरतंच ठेवलं! जर्मनीने उलट केलं. तिथल्या नागरी संहितेत 1900 पासून कलम 242 आहे. 1923 च्या भयंकर महागाईत कर्जदार कवडीमोल मार्कांत गहाणकर्जं फेडू लागले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने याच कलमावर बोट ठेवून त्यांना अडवलं.

आपला 1872 चा करार कायदा इंग्रजी वळणाचा. कलम 17 खालचं उदाहरण बघा: ‘अ’ने लिलावात ‘ब’ला सदोष घोडा विकला, दोष माहीत असून गप्प बसला. ही फसवणूक नाही. पण ‘ब’ ही ‘अ’ची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर सांगणं त्याचं कर्तव्य. परक्याने स्वतःच चौकशी करावी! जमीन-घराचं मात्र तसं नाही. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 55 सांगतं: साधी काळजी घेऊनही खरेदीदाराला कळणार नाही असा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला ठाऊक असेल, तर त्याने तो सांगायलाच हवा, करारात वेगळं ठरलं असेल तर गोष्ट निराळी.