अपोफिस : भीती नको, माहिती हवी

शिक्षक-पालक मित्रांनो, "२०२९ ला पृथ्वी संपणार का?" असं मुलांनी विचारलं तर हसण्यावारी नेऊ नका, फळ्यावर दोन कक्षा काढा. २००४ मध्ये सापडलेला अपोफिस हा साधारण ३४० मीटरचा लघुग्रह सूर्याभोवती सुमारे ३२४ दिवसांत फिरतो. त्याची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या अगदी जवळून जाते, म्हणून तो 'संभाव्य धोकादायक' यादीत आहे. पण रस्ते जवळ आले म्हणजे धडक होतेच असं नाही. दोन्ही गाड्या एकाच वेळी तिथे पोहोचायला हव्यात. सुरुवातीला टक्करीची शक्यता २.७ टक्क्यांपर्यंत गेली होती. २०२१ च्या रडार निरीक्षणांनंतर किमान १०० वर्षं धोका नाही, हे स्पष्ट झालं. १३ एप्रिल २०२९ ला तो जमिनीपासून सुमारे ३२,००० किमीवरून, म्हणजे भूस्थिर उपग्रहांपेक्षाही जवळून जाईल. मुलांना तारीख वहीत लिहायला सांगा, भीतीने नव्हे, कुतूहलाने!