सारकॉइडोसिस : व्यवच्छेदक निदान

अनेक इंद्रियांत, विशेषतः फुप्फुसे व त्यांच्या मुळाशी असलेल्या लसीका ग्रंथींत, कणार्बुदे निर्माण करणारा हा रोग असून त्याचे कारण निश्चित ज्ञात नाही. भारतात त्याची क्षयरोगाशी गल्लत होण्याचा संभव अधिक असतो. कारण ज्वर, खोकला व वजन घटणे ही लक्षणे दोहोंत आढळतात. क्षयरोगाच्या कणार्बुदांत मध्यभागी किलाटी (पनीरसारखा) ऊतकमृत्यू दिसतो व जंतू सापडू शकतात. सारकॉइडोसिसमध्ये सामान्यतः दोन्ही नसतात. त्यात ट्युबरक्युलीन चाचणी बहुधा नकारात्मक येते. क्ष-किरण चित्रात दोन्ही बाजूंच्या ग्रंथी सारख्याच वाढलेल्या दिसतात. एकाच बाजूची वाढ क्षयरोग किंवा लसीकार्बुद सुचविते. बेरिलियमाच्या धुळीमुळे होणारा फुप्फुसविकार सूक्ष्मदर्शकाखाली तसाच दिसत असल्याने रोग्याचा व्यवसाय विचारणे आवश्यक ठरते. कवकजन्य रोग व कुष्ठरोग हेही वगळावे लागतात.

हा भेद उपचारांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. सारकॉइडोसिसवर उपयुक्त असलेली कॉर्टिकोस्टेरॉइडे क्षयरोग्यास क्षयरोगविरोधी औषधांविना दिल्यास संसर्ग पसरू शकतो. उलट ती औषधे विनाकारण दिल्यास यकृतास इजा होण्याचा धोका असतो. कोणतीही एक चाचणी निर्णायक नसल्याने लक्षणे, क्ष-किरण चित्र व जीवोतक परीक्षा यांचा एकत्रित विचार करूनच निदान करतात.