दहा सेंटांचा वाटा

१८५६ साली अमेरिकेतल्या रविवारच्या शाळांमधील मुलांनी नाणे-नाणे जमवून एक जहाज उभे केले. नाव 'मॉर्निंग स्टार'. दहा सेंट दिले की मुलाला जहाजात एक वाटा मिळे आणि तसे छापील प्रमाणपत्र हातात पडे. त्याच डिसेंबरात ते बॉस्टनहून पॅसिफिक महासागरातल्या बेटांकडे निघाले. आपल्या किनाऱ्याला ते लागले नाही. पण 'अमेरिकन बोर्ड' या ज्या मिशन-संस्थेने ते बांधवून घेतले, तिचेच मिशनरी १८३१ पासून अहमदनगरला काम करत होते. १८५०च्या दशकाअखेर त्यांच्यातल्या सॅम्युअल फेअरबँक यांनी नेवासे तालुक्यात वडाळ्याला बिऱ्हाड केले. आपले सोनई गावही याच तालुक्यातले. म्हणजे ज्या 'परदेशातल्या गरजू मुलां'साठी बॉस्टनची पोरे खाऊचे पैसे बाजूला टाकत, त्यांच्यात आपल्या नेवासे-राहुरीकडची मुलेही होती. आपल्या गावाकडे असे दुरून बघायला शिकले, की नाताळच्या भेटींचा इतिहास निराळा दिसू लागतो.

 

१८६८ मध्ये बॉस्टनला मिशन-कार्यासाठी स्त्रियांचे मंडळ स्थापन झाले आणि मुलींच्या शाळांना हक्काचा आधार मिळाला. चर्चमधल्या बायका आणि मुले नाताळच्या भेटी म्हणून चित्रांची कार्डे, बाहुल्या, शिवणाचे साहित्य पेट्यांत भरून मिशनच्या शाळांना पाठवत. पेटी अमेरिकेची असली, तरी ती उघडून एकेका मुलीच्या हातात वस्तू ठेवताना गावातला मराठी मास्तर आणि घरोघर फिरणारी बायबल-बाई लागे. कोणत्या घरात या वर्षी आई गेली, कोणाच्या अंगावर धडका सदरा नाही, हे त्यांनाच ठाऊक. या भागातले बहुतेक ख्रिस्ती महार-मांग समाजातून आलेले. ज्या मुलाला गावच्या पाणवठ्यावर उभे राहू देत नसत, त्याच्या नावाने समुद्रापलीकडून काही यावे, याचे मोल वस्तूच्या किमतीत मोजता येणार नाही.

तरी माझे मत असे, की त्या मुलांचे आयुष्य पेटीने बदलले नाही. वर्षामागून वर्षे चालू राहिलेल्या वर्गणीने बदलले. बोर्डिंगचे जेवण, मास्तरांचा पगार आणि १८७३ पासून निघणारे 'बालबोधमेवा' हे मुलांचे मासिक, यामागे ती वर्गणी होती. १८९९-१९०० च्या दुष्काळात याची परीक्षा झाली. न्यूयॉर्कच्या 'ख्रिश्चन हेरल्ड' या पत्राने वाचकांकडून मदत जमवली आणि मे १९०० मध्ये 'क्विटो' हे जहाज मका भरून मुंबईकडे निघाले. पुढे अनाथ मुलांच्या पोटापाण्याचा खर्च त्याच वाचकांनी वाटून घेतला. नगरच्या रॉबर्ट ह्यूम यांना दुष्काळातल्या कामाबद्दल कैसर-ई-हिंद सुवर्णपदक मिळाले. पदक योग्यच होते. पण रोज सकाळी मुलांच्या रांगेला कण्या वाढणाऱ्या स्थानिक बायांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत, याची हळहळ वाटते. त्याच दुष्काळाच्या काळात, १९०० साली, लक्ष्मीबाई टिळकांनी राहुरीत बाप्तिस्मा घेतला. टिळकांच्या घरात पोटच्या मुलांबरोबर दुसऱ्यांचीही मुले वाढली, हे त्यांचे 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र वाचणाऱ्याला सांगायला नको.

आजचे एक मोठे काम नाताळच्या भेटी भरलेल्या बुटांच्या खोक्यांचे. १९९० साली वेल्समधल्या रेक्सम गावच्या एका दांपत्याने रुमानियातल्या अनाथ मुलांसाठी ते सुरू केले. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या 'सॅमॅरिटन्स पर्स'ने ते हाती घेतले. आजवर वीस कोटींहून जास्त खोकी शंभराहून अधिक देशांत गेली. स्वयंसेवक मुलगा की मुलगी ते ठरवतात, वय दोन ते चार, पाच ते नऊ की दहा ते चौदा ते पाहतात, आणि खेळणे, वही-पेन्सिल, साबण भरतात. कस्टम्सच्या नियमांमुळे गोळ्या-चॉकलेट आणि टूथपेस्ट बंद. आपल्या नातवाच्या वयाचे खोके भरणाऱ्या आजीच्या मायेबद्दल मला शंका नाही. पण मूल बघण्याआधीच वस्तू ठरते, आणि खोक्यासोबत धर्मप्रचाराची पुस्तिका दिली जाते, हे दोन आक्षेप ख्रिस्ती मंडळींनीही घेतले आहेत. मला ते पटतात. भुकेल्या किंवा हरखलेल्या मुलापुढे श्रद्धेचा विषय काढू नये.

दुसरी वाट पालकत्वाची, म्हणजे दूरच्या देणगीदाराने एकेका मुलाचा खर्च उचलण्याची. जर्मनीतल्या डुइसबुर्गला १९५९ मध्ये 'किंडरनोटहिल्फे' ही संस्था सुरू झाली ती भारतातल्या मुलांसाठीच. अमेरिकेच्या 'कम्पॅशन' या संस्थेचे काम इथे १९६८ पासून होते. पालक नाताळसाठी वेगळी रक्कम देत आणि तिच्यातून भेटी घेतल्या जात. २०१६ मध्ये 'कम्पॅशन'च्या पैशाला सरकारची पूर्वपरवानगी लागू झाली आणि मार्च २०१७ मध्ये संस्थेने भारतातले काम थांबवले. सुमारे दीड लाख मुलांचा आधार गेला. परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीने अशी देणगी एका संस्थेने दुसरीला देणे बंद झाले. मोठ्या संस्थेकडून येणाऱ्या पैशावर चालणाऱ्या छोट्या वसतिगृहांना त्याचा फटका बसला. परदेशी पैसा कुठे जातो हे विचारण्याचा सरकारला पूर्ण अधिकार आहे. पण हिशेब तपासताना मुलाच्या ताटाची पर्यायी सोय आधी व्हायला हवी होती.

मग आता नाताळात सोनईच्या आसपास गरजू मूल कोण? इथल्या मुळा साखर कारखान्याचा हंगाम तेव्हा भरात असतो. उचल (आगाऊ रक्कम) घेतलेले कोयते, म्हणजे ऊसतोड मजुरांची जोडपी, पोराबाळांसह फडावर आलेले असतात. त्यांच्या कोप्यांतली (झोपड्यांतली) मुले पहाटेच्या गारठ्यात धाकट्याला सांभाळतात, मोळ्या उचलायला हात लावतात, आणि त्यांचे नाव मागे गावच्या शाळेच्या हजेरीत तसेच राहते. सरकारची हंगामी वसतिगृहे आहेत, स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्डही आहे. मूल हंगामाच्या ठिकाणी आले, की ते कार्ड पाहून जवळच्या शाळेने त्याला बसवून घ्यायचे. त्यासाठी कोपीपर्यंत जाऊन, आईशी बोलून, मुलाचा हात धरून शाळेत नेणारे माणूस लागते. नेवासे तालुक्यातल्या चर्चच्या तरुण संघांनी, शाळेच्या शिक्षकांनी आणि कारखान्याच्या शेतकी विभागाने हे काम नोव्हेंबरातच एकत्र हाती घ्यावे. स्वेटर आणि खाऊ नाताळला द्यावाच, पण मूल कोणत्याही घरचे असो. आणि एप्रिलमध्ये हंगामाचा पट्टा पडून मजुरांच्या गाड्या परत निघतील, तेव्हा त्याची हंगामातली हजेरी आणि प्रगतीची नोंद त्याच्या गावच्या शाळेत पोचली की नाही, हेही त्याच माणसांनी पाहावे.