पाणी दोनदा का चढते

मार्वेच्या जेट्टीवर दिवसातून दोनदा पाणी चढते आणि दोनदा उतरते. मालाड स्टेशनवरून येऊन मनोरीला जाणारी माणसे इथे फेरीबोटीत बसतात. भरती असेल तर बोट उताराच्या वरच्या टोकाशी लागते आणि दुचाकी सहज आत ढकलता येते. ओहोटीला तोच उतार लांबलचक उघडा पडतो. खालचा भाग शेवाळाने बुळबुळीत असतो आणि ब्रेक धरून पावलापावलाने खाली जावे लागते. बाजूच्या दगडांवर एका ठरावीक उंचीपर्यंत कालवांची धारदार कवचे चिकटलेली असतात आणि त्याच्या वर दगड फिकट, कोरडा असतो. पाणी कुठवर येते हे त्या रेषेवरून ऐन ओहोटीतही कळते.

शाळेत याचे कारण एका वाक्यात सांगितले जाते: चंद्र समुद्राचे पाणी ओढतो. वाक्य खोटे नाही, पण जेट्टीवर अर्धा दिवस उभे राहिले की ते अपुरे पडू लागते. अवघड वैज्ञानिक कल्पना समजणे म्हणजे नेमके काय, हे तपासायला भरतीइतके चांगले उदाहरण क्वचित सापडेल. नियम माहीत असणे, कारण सांगता येणे आणि उद्याचे पाणी आकड्यात मांडता येणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. भरतीच्या बाबतीत त्या वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या काळात कमावल्या.

सर्वांत जुना आहे नियम. कोकणपट्टीतल्या कोळीवाड्यांत भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीची पाऊणपट करायची. जो आकडा येईल तितक्या वाजता पाणी पूर्ण भरते, दिवसाही आणि रात्रीही. पाऊणकीत, म्हणजे पाऊणच्या पाढ्यात, चारांचे तीन होतात, म्हणून चतुर्थीला भरती तीनला. आठांचे सहा होतात, म्हणून अष्टमीला सहाला. पक्ष शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. भरतीनंतर सव्वासहा तासांनी पाणी तळाला जाते. घड्याळ आणि दिनदर्शिका यांपलीकडे कशाचीही गरज नाही.

हा नियम का चालतो ते उलगडून पाहण्यासारखे आहे. अमावास्येला चंद्र सूर्याबरोबर माथ्यावर येतो. त्यानंतर तो रोज मागे पडत जातो आणि साधारण साडेएकोणतीस दिवसांनी पुन्हा सूर्याला गाठतो, तेव्हा पूर्ण एक फेरा, म्हणजे २४ तास, मागे पडलेला असतो. तेवढ्या काळात तिथी होतात ३०. चोवीस तासांची १४४० मिनिटे ३० तिथींत वाटली की प्रत्येकीच्या वाट्याला सरासरी ४८ मिनिटे येतात, म्हणजे बरोबर दोन घटका. पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटे. दर तिथीला नियम तीन मिनिटे कमी धरतो आणि पंधरा तिथींत ही तूट ४५ मिनिटांची होते. म्हणूनच पाऊणकीप्रमाणे पौर्णिमेची भरती सव्वाअकराला येते आणि दुसऱ्याच दिवशी, प्रतिपदेला, पाऊण वाजता. मध्ये दीड तासाची उडी! पाणी अशी उडी मारत नाही. पंधरवडाभर साठलेली तूट नियम एका दिवसात भरून काढतो. पण होडीवर उभ्या असलेल्या माणसाला चार पंचमांशाचा गुणाकार करायला लावण्यापेक्षा ही चूक पत्करणे शहाणपणाचे होते. पाऊणकी तोंडपाठ असे आणि उधाणाच्या आसपास तर पाणी खरोखरच रोज चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनीच पुढे सरकते. भांगाच्या दिवसांत मात्र हा उशीर तासाच्याही पुढे जातो आणि तिथे नियम ढिला पडतो.

उधाण आणि भांग हे शब्द आज भूगोलाच्या पुस्तकात आहेत. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास पाणी सर्वांत वर चढते आणि सर्वांत खाली उतरते, ते उधाण. अष्टमीच्या सुमारास चढ-उतार सर्वांत कमी, तो भांग. मढ, वर्सोव्याकडच्या डोलीच्या मासेमारीत हा फरक थेट पोटापाण्याचा आहे. डोल म्हणजे पिशवीसारखे लांब जाळे. ते प्रवाहाच्या तोंडाशी बांधून ठेवतात आणि पाणीच बोंबील, जवळा आत लोटते. उधाणात प्रवाह जोरदार असतो, जाळे फुगून उघडते. भांगात पाणी मंदावते आणि जाळे पुरते उघडतही नाही. पाणी कधी आणि किती जोराने धावेल याचे हे ज्ञान पक्के आणि पिढ्यान्‌पिढ्या तपासलेले आहे. पाणी दोनदा का, या प्रश्नाला मात्र त्यात उत्तर नाही आणि त्या कामापुरती त्याची गरजही पडली नाही.

आता ‘चंद्र पाणी ओढतो’ या वाक्याकडे परत येता येईल. त्याला तीन साधे प्रश्न विचारावेत. चंद्र ज्या बाजूला आहे त्या बाजूचे पाणी त्याच्याकडे ओढले गेले, तर पृथ्वीच्या पाठीमागच्या बाजूलाही त्याच वेळी पाणी का चढते? दुसरा प्रश्न सूर्याचा. पृथ्वीवर सूर्याची ओढ चंद्राच्या ओढीच्या सुमारे १७८ पट आहे, तरी सूर्यामुळे येणारी भरती चंद्राच्या भरतीच्या निम्मीही का नसते? तिसरा प्रश्न एखादे लहान मूलच विचारील: चंद्र तर पवई तलावावरही असतो, मग तलावाला भरती का येत नाही? एकही उत्तर त्या वाक्यातून निघत नाही. स्पष्टीकरण ज्या गोष्टीसाठी रचले ती गोष्ट ते सांगतेच. ते समजले की नाही हे शेजारच्या प्रश्नावर कळते.

या जागी फार मोठी माणसे अडली. गॅलिलिओने १६३२ सालच्या ‘संवाद’ या ग्रंथात भरतीचे श्रेय पृथ्वीच्या गतीला दिले: पृथ्वी स्वतःभोवती आणि सूर्याभोवती फिरते, त्यामुळे होडीतल्या पाण्यासारखे समुद्राचे पाणी हिंदकळते. चंद्राचा दुरून प्रभाव पडतो ही कल्पना त्याला जादूटोण्यासारखी वाटली आणि ती मानल्याबद्दल त्याने केप्लरला दोष दिला. त्याच्या मांडणीतून दिवसाला एकच भरती निघत होती.

किल्ली न्यूटनच्या हाती लागली. १६८७ सालच्या ‘प्रिन्सिपिया’त त्याने भरतीचे कारण चंद्र-सूर्यांच्या गुरुत्वाकर्षणात दाखवले, आणि तिथे महत्त्वाचा ठरतो ओढीतला फरक. चंद्र सरासरी ३,८४,४०० किलोमीटर दूर आहे. पृथ्वीच्या चंद्राकडच्या बाजूला त्याची ओढ पृथ्वीच्या केंद्रापेक्षा सुमारे ३ टक्क्यांनी जास्त असते आणि पाठीमागच्या बाजूला तेवढीच कमी. पुढचे पाणी केंद्रापेक्षा जास्त ओढले जाते, मागचे कमी ओढले जाते. केंद्राच्या दृष्टीने दोन्हीकडचे पाणी दूर सरते.

कागदावरच्या आकृतीत हे पटत नाही, कारण मागच्या फुगवट्याकडे काढलेला बाण चंद्राच्या उलट दिशेला असतो आणि चंद्र पाणी ढकलतो की काय असे वाटते. वाळूत तीन मुले उभी केली की ते दिसते. अक्साच्या किनाऱ्यावर ओहोटीला यासाठी भरपूर जागा मिळते. तिघे एका ओळीत, एकाच दिशेला तोंड करून, हातभर अंतरावर. तिघांनीही समोरच चालायचे: पुढच्याने भरभर, मधल्याने नेहमीच्या चालीने, मागच्याने सावकाश. वीस पावलांनंतर मधल्याने थांबून पाहावे. पुढचा त्याच्यापासून दूर गेलेला असतो आणि मागचाही. मागच्याला कोणी मागे ओढलेले नसते. तोही समोरच चालत होता, फक्त कमी. दोन फुगवटे कुठून आले हे मधल्या मुलाला त्या क्षणी कळते, आणि ते कळताना त्याचा चेहरा पाहण्यासारखा असतो. अवकाशातल्या कल्पना शरीराने अशा करून पाहण्याला खरा आधार आहे. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात शमीन पडळकर आणि जयश्री रामदास यांनी प्राथमिक खगोलशास्त्र शिकवताना हातवारे आणि आकृत्या यांचा काय उपयोग होतो, याचाच अभ्यास केला आहे.

मागच्या फुगवट्यासाठी केंद्रोत्सारी प्रेरणेचेही स्पष्टीकरण दिले जाते. पृथ्वी आणि चंद्र एका सामाईक बिंदूभोवती फिरतात आणि त्या फिरण्याने पाणी बाहेर फेकले जाते, असे ते स्पष्टीकरण. नीट मांडले तर तेही बरोबर आहे. घोटाळा असा की वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पृथ्वीची स्वतःभोवतीची गिरकी येते, तिचा या फुगवट्याशी संबंध नसतो, आणि चुकीचे चित्र कायमचे घर करते. शिकवायला तीन मुलांची चाल अधिक सुरक्षित.

फरकाची कल्पना हाती आली की सूर्याचे कोडे सुटते. ओढ अंतराच्या वर्गाने घटते, ओढीतला फरक अंतराच्या घनाने. सूर्य चंद्रापेक्षा जवळजवळ ३९० पट दूर आहे. इतक्या दुरून पृथ्वीच्या पुढच्या आणि मागच्या बाजूंवर त्याची ओढ जवळजवळ सारखीच पडते. म्हणून एवढ्या प्रचंड ओढीतूनही सूर्याची भरती चंद्राच्या भरतीच्या सुमारे ४६ टक्केच निघते. दोघे एका रेषेत आले की बेरीज होते, ते उधाण. काटकोनात आले की वजाबाकी होते, तो भांग.

पवई तलावाचे उत्तर आणखी एक गैरसमज मोडते. चंद्र पाणी उचलतो, असे मनात असते. त्याचा हा भरतीचा जोर पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे नव्वद लाखांतला एक हिस्सा आहे. त्याने थेंबही वर उचलला जाणार नाही. पाणी आडवे सरकते. हजारो किलोमीटरांच्या समुद्रभर हा अगदी हलका आडवा रेटा चालू असतो आणि सगळीकडून सरकलेले पाणी साठून पातळी वाढते. तलावाला या काठापासून त्या काठापर्यंत दोनेक किलोमीटरही मिळत नाहीत. तिथे सरकायचे कुठे?

मात्र या हिशेबाने मोकळ्या समुद्रात चंद्राची भरती जेमतेम अर्धा मीटर येते, आणि मुंबईत उधाणाला पाणी साडेतीन-चार मीटर चढते-उतरते. उरलेले कुठून आले? १७७५च्या सुमारास लाप्लासने भरतीकडे वाहत्या पाण्याचा प्रश्न म्हणून पाहिले. भरती ही एक अतिशय लांब लाट आहे आणि ती समुद्राच्या खोलीप्रमाणे धावते. चार हजार मीटर खोल पाण्यात तिचा वेग ताशी ७०० किलोमीटर असतो. मुंबईसमोर समुद्रबूड जमीन सुमारे ३०० किलोमीटर रुंद आहे. मुंबई हायच्या तेलक्षेत्राजवळ खोली ७५ मीटरच्या आसपास आहे. तिथे लाटेचा वेग ताशी १०० किलोमीटरवर येतो, मागून येणारे पाणी दाटते आणि उंची वाढते. गोव्याकडे ही उथळ पट्टी अरुंद आहे आणि भरतीही बेताची, दोनेक मीटरची. उत्तरेला खंबातच्या आखातात पाणी नरसाळ्यात शिरल्यासारखे कोंडते आणि भावनगरला चढ-उतार दहा मीटरच्या घरात जातो.

मुंबईकराची फसगत करणारा एक योगायोग इथे आहे. पौर्णिमेला चंद्र मध्यरात्री माथ्यावर येतो आणि मुंबईत भरतीही बाराच्या सुमारासच येते. चंद्राखाली फुगवटा, हे चित्र जणू डोळ्यांसमोर सिद्ध झाले! भावनगरला तीच भरती काही तासांनी उशिरा पोचते, चंद्र तेव्हा कलू लागलेला असतो. लाटेला तिथवर जायला वेळ लागतो. मुंबईतही सर्वांत मोठे उधाण ऐन पौर्णिमेला येत नाही, एक-दोन दिवस उशिराने येते.

कारण कळल्यावरही एखाद्या बंदरातले उद्याचे पाणी नुसत्या सिद्धान्तातून काढता येत नाही. किनाऱ्याचा प्रत्येक बाक, प्रत्येक खाडी हिशेबात भर घालते. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी १८७०च्या दशकात वेगळी वाट काढली. बंदरातल्या पाण्याची नोंद दीर्घकाळ ठेवायची आणि तिच्यातून ठरावीक कालावधीचे हेलकावे वेगळे करायचे: १२ तास २५ मिनिटांचा चंद्राचा, १२ तासांचा सूर्याचा, आणि असे आणखी कितीतरी. या दोन हेलकाव्यांची सांगड सुमारे पावणेपंधरा दिवसांनी जमते, तेच उधाण. मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८पासून समुद्रपातळीची नोंद आहे. हिंदी महासागरातल्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी ती एक. १८७९ साली एडवर्ड रॉबर्ट्स यांच्या आराखड्यानुसार भारतातल्या बंदरांसाठी खास भरतीयंत्र बनले. त्यात प्रत्येक हेलकाव्याला एक कप्पी होती, सर्व कप्प्यांवरून एकच तार जाई आणि तिच्या टोकाची लेखणी येणाऱ्या वर्षाचे पाणी कागदावर काढी. कप्प्यांची जागा आता संगणकाने घेतली आहे, पद्धत तीच आहे. हे यंत्रही कारण सांगत नाही. पाऊणकीसारखेच तेही वेळ सांगते, फक्त कितीतरी नेमकेपणाने आणि उंचीसकट.

पावसाळ्यात हीच उंची बातम्यांत येते आणि तिथे पुन्हा समजुतीचा घोटाळा होतो. ‘आज साडेचार मीटरच्या लाटा’ असे वाचायला मिळते. साडेचार मीटर ही लाटेची उंची नव्हेच. ती नकाशावरच्या आधारपातळीपासून मोजलेली पाण्याची उंची आहे आणि मुंबईचा सरासरी समुद्रच त्या पातळीच्या सुमारे अडीच मीटर वर असतो. म्हणजे पाणी सरासरीपेक्षा दोन मीटर चढणार. लाटा उसळल्या तर त्या त्याच्यावर. मालाडसारख्या सखल भागाला खरा धोका नाल्यांच्या तोंडाशी असतो. खाडी भरली की नाल्यातले पावसाचे पाणी बाहेर पडत नाही आणि उलटे वस्तीत चढते. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच दुपारी भरती होती.

भरतीचा तक्ता चंद्र-सूर्यांचा हिशेब देतो, हवेचा देत नाही. हवेचा दाब एक मिलिबारने उतरला की समुद्र साधारण एक सेंटिमीटर वर येतो, आणि पश्चिमेचा जोरदार वारा पाणी किनाऱ्याकडे रेटत राहतो. म्हणून जुलैतल्या एखाद्या वादळी दुपारी मार्वेचे पाणी तक्त्यातली वेळ पाळते, पण कालवांच्या रेषेवर थांबत नाही; वरचा फिकट दगडही ओला होतो.