चार चाकांच्या चालनाचा दर्शक दिवा व त्याचा स्विच

मोटारीच्या चालकासमोर असलेल्या फलकावरील लहान लहान दिवे त्याला डोळ्यांनी न दिसणाऱ्या भागांची वार्ता देत असतात. एंजिनातील तेलाचा दाब कमी झाला, किंवा बॅटरीला वीज मिळेनाशी झाली, तर त्याची पहिली सूचना या दिव्यांकडूनच मिळते. ज्या मालमोटारींची चारही चाके एंजिनाच्या शक्तीने फिरविता येतात, त्यांत आणखी एक दिवा असतो. पुढील चाकांकडे जाणारी शक्ती जोडली गेली आहे, असे तो सांगतो. जुन्या मोटारीत हा दिवा कधी मुळीच लागत नाही, तर कधी लागला की विझत नाही. अशा वेळी दोष बहुधा एका लहानशा स्विचात असतो; परंतु तो नेहमीच तेथे असतो असे नाही.

दिव्याचे महत्त्व

जुन्या पद्धतीच्या बहुतेक चारचाकी-चालनाच्या मोटारी एरवी मागील दोन चाकांवरच चालतात. चिखल, वाळू किंवा बर्फ लागले म्हणजे चालक एक तरफ ओढून पुढील चाकेही जोडतो. त्या वेळी पुढील व मागील आसांकडे जाणारे दोन दांडे एकमेकांशी घट्ट जखडले जातात व त्यांना सारख्याच वेगाने फिरणे भाग पडते.

सरळ रस्त्यावर यात अडचण येत नाही. वळणावर मात्र पुढील चाकांना मागील चाकांपेक्षा अधिक अंतर तोडावे लागते. पुढील व मागील आसांत २.६ मीटर अंतर आहे आणि मागील आसाचा मध्य ८ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावरून जात आहे असे समजू. पायथागोरसच्या सिद्धांताने पुढील आसाच्या मध्याची त्रिज्या सुमारे ८.४१ मीटर येते. केवळ पाव वर्तुळ वळताना मागील आस सुमारे १२.५७ मीटर जातो, तर पुढील आस १३.२१ मीटर जातो. हा सुमारे ६४ सेंटिमीटरांचा फरक कोठेतरी भरून निघालाच पाहिजे. चिखलात चाके थोडी घसरतात व तो सहज भरून निघतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर रबराची पकड सुटत नाही. त्यामुळे दांड्यांना पीळ बसतो, टायर झिजतात, तरफ जड होते व दंतचक्रांवर अकारण ताण येतो. दिवा बंद असल्यामुळे पुढील चाके सुटी आहेत अशा समजुतीने कोरड्या रस्त्यावर मैलोगणती मोटार हाकली, तर एका स्विचाच्या दोषापायी कितीतरी महाग भागांची हानी होते.

रचना

टोयोटा कंपनीने १९७९ मध्ये आपल्या हिलक्स या हलक्या मालमोटारीचा चार चाकांनी चालणारा प्रकार बाजारात आणला. त्याची रचना या विषयाचे चांगले उदाहरण होय. मुख्य गिअरपेटीच्या मागे ‘ट्रान्स्फर केस’ नावाची दुसरी पेटी असते. एंजिनाकडून आलेली शक्ती ती मागील आसाकडे पाठविते आणि हवी तेव्हा पुढील आसाकडेही वळविते. चालकाने तरफ हलविली की पेटीतील एक पोलादी दांडा सरकतो. त्यावर बसविलेले दुबेळके दंतयुक्त कडे सरकवून पुढील आसाचा दांडा जोडते.

दर्शक स्विच याच पेटीच्या भिंतीत आट्यांनी घट्ट बसविलेला असतो. अशा स्विचाच्या टोकाशी एक लहान खुंटी किंवा पोलादी छर्रा असतो, आणि तो सरकणाऱ्या दांड्याच्या हालचालीने दाबला जातो. दांड्याची खाच व उंचवटा यांची जागा बदलली की खुंटी आत जाते, स्विचातील धातूचे दोन स्पर्शक एकमेकांस टेकतात आणि विद्युन्मंडल पूर्ण होऊन दिवा लागतो. काम अगदी हलके असते. १२ व्होल्टवर चालणाऱ्या १.२ वॅटच्या दिव्यातून केवळ ०.१ अँपिअर प्रवाह वाहतो. एवढ्या क्षीण प्रवाहाला स्पर्शकांवरील गंजाचा पातळ थरही अडवू शकतो. शिवाय हा स्विच मोटारीच्या पोटाशी असल्यामुळे पाणी, चिखल व उष्णता यांचा मारा त्याच्यावर सतत होत असतो.

दिवा काय सांगत नाही

येथे एक गोष्ट नीट ध्यानी घ्यावी. स्विच पाहतो तो दांडा. चाके तो पाहत नाही. त्या जुन्या हिलक्स मोटारींच्या पुढील चाकांवर हाताने फिरवायच्या कुलपी कड्या असत. त्या सुट्या ठेवून तरफ ओढली, तर दिवा लागतो. पण पुढील चाकांना शक्ती पोहोचत नाही. म्हणजे दिवा खोटे बोलत नाही. तो आपल्याला ठाऊक आहे तेवढेच सांगतो. दुसऱ्या महायुद्धातील विलीस जीपमध्ये असा दिवाच नव्हता. तेथे तरफेच्या स्थितीवरूनच चालकाने बोध घ्यावयाचा असे.

दोषाची परीक्षा

स्विच काढण्यापूर्वी दोष कोठे आहे हे ठरवावे. मोटार सपाट जागी उभी करावी, हातब्रेक ओढावा, चाकांना पाचरी लावाव्यात आणि एक्झॉस्टची नळी थंड होऊ द्यावी.

दिवा लागत नसेल तर स्विचाची तारजोडणी सोडवावी. एंजिन सुरू न करता किल्ली फिरवावी व मोटारीकडून आलेल्या दोन तारांची टोके एका तुकड्याने क्षणभर जोडावीत. तार एकच असेल तर ती एंजिनाच्या स्वच्छ, उघड्या धातूस टेकवावी. दिवा लागला तर फ्यूज, तारा व दिवा ठीक आहेत. दोष स्विचात किंवा त्याला दाबणाऱ्या भागात आहे. लागला नाही तर स्विच बदलून काहीच साधणार नाही. हा प्रयोग केवळ दिव्याच्या तारांवरच करावा. ज्या नव्या मोटारींत हीच तार संगणकाकडे जाते, त्यांच्याबाबत निर्मात्याच्या पुस्तिकेचा आधार घ्यावा.

दिवा विझत नसेल तरीही जोडणी सोडवून पाहावे. तरीही तो जळत राहिला तर तार कोठेतरी सोलली जाऊन धातूला लागली आहे. तो विझला तर स्विच आतून चिकटला असेल, अथवा पुढील चालन खरोखरच सुटले नसेल. हे ठरविण्यासाठी एंजिन बंद करावे, तरफ दोन चाकांच्या स्थितीत आणावी, कुलपी कड्या सुट्या कराव्यात आणि पुढील आसाकडे जाणारा दांडा हाताने फिरवून पाहावा. तो मोकळा फिरला तर चालन सुटले आहे व दोष स्विचाचा आहे. फिरला नाही तर दोष पेटीत असण्याचा संभव अधिक आहे. तेव्हा दिव्यावर विश्वास ठेवावा.

स्विच बदलणे

बॅटरीची ऋण तार सोडवून कामास आरंभ करावा. स्विचाभोवतीचा चिखल ब्रशाने पूर्णपणे काढून टाकावा, कारण भोकातून पेटीत पडलेली वाळू दंतचक्रांना घातक ठरते. खाली एक भांडे ठेवावे. भोक तेलाच्या पातळीखाली असल्यास तेल बाहेर येते. नेमक्या मापाच्या पान्याने स्विच सावकाश सैल करावा. काही रचनांत छर्रा किंवा खुंटी स्विचापासून सुटी असते. ती हरवू नये व जुनी सीलबंदीची चकती भोकाशी चिकटून राहू नये, इकडे लक्ष द्यावे.

नवा स्विच बसविण्यापूर्वी त्याची खुंटी बोटाने दाबून मंडल जुळते व सुटते की नाही हे मीटरने तपासावे. नवी चकती घालून स्विच प्रथम हातानेच फिरवावा. पेटी ॲल्युमिनियमची असल्यास तिचे आटे मऊ असतात. स्विच तिरपा बसवून पान्याने जोर केला तर ते कायमचे बिघडतात. अखेरचा आवळ निर्मात्याने सांगितला असेल तेवढाच द्यावा. तारा एक्झॉस्टच्या नळीपासून दूर बांधाव्यात, पेटीतील तेलाची पातळी पाहून कमी पडलेले तेल भरावे आणि बॅटरी पुन्हा जोडावी. मग तरफ प्रत्येक स्थितीत नेऊन दिवा यथायोग्य लागतो व विझतो याची खात्री करावी. हे काम मोकळ्या मातीच्या जागेत मोटार सावकाश पुढेमागे करीत करावे, म्हणजे दांड्यांत पीळ राहत नाही.

स्विचाची ही दुरुस्ती अल्प श्रमाची आहे. परंतु तिच्यातील पद्धत सर्वच यंत्रांना लागू पडते. सूचक उपकरण व ज्याची सूचना ते देते ती वस्तू या दोन भिन्न गोष्टी आहेत. सूचना विपरीत आली म्हणजे त्या दोहोंची परीक्षा वेगवेगळी करावी, आणि दोष सापडल्यावरच पान्याला हात घालावा.