तंबाखूचा पैसा, प्लॉटची जोखीम
कर्नाटकातल्या निपाणीत तंबाखूवर कमावलेला पैसा तिथल्याच प्लॉटमध्ये घातला की जोखीम विभागली, असा समज आहे. तो अर्धाच खरा. गुंतवणुकी किती आहेत यापेक्षा त्या एकमेकींबरोबर कशा हलतात हे महत्त्वाचे, असे अर्थतज्ज्ञ हॅरी मार्कोविट्झ यांनी १९५२ मध्ये दाखवून दिले. तंबाखूचा भाव पडला की शेतकरी, वखारवाला आणि विडी वळणारी बाई, सगळ्यांचाच हात एकदम आखडतो. मग प्लॉटला गिऱ्हाईक कुठून येणार? १९८१ मध्ये शेतकरी नेते शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी तंबाखूच्या भावासाठी निपाणीत महामार्ग रोखला, तेव्हा या भागाचे पोट एका पिकाला किती बांधलेले आहे हे साऱ्या देशाला दिसले.

जमिनीचा भाव कधी पडत नाही, असे यावर म्हटले जाते. खरे तर पडझड दिसत नाही, कारण मंदीत खरेदीखतेच थांबतात. मालक जुनाच दर सांगत राहतो. खरा भाव प्रत्यक्ष विक्रीतूनच कळतो; अर्थतज्ज्ञ कार्ल केस आणि रॉबर्ट शिलर यांनी अमेरिकेतल्या घरांच्या किमतींचा निर्देशांक बांधला तो एकाच घराच्या दोन प्रत्यक्ष विक्रींची तुलना करूनच. सगळीकडची घरे एकदम स्वस्त होणार नाहीत, हा तिथला भरवसा २००८ च्या संकटात कोसळला. पुणे-बंगळूर महामार्ग आणि बेळगावच्या फौंड्री बाहेरची मागणी आणतात, हा आक्षेप मात्र रास्त आहे. पण त्यातूनच कसोटी मिळते: प्लॉट घेताना दराआधी विचारावे, उद्या तो विकत घेणाऱ्याची कमाई आपल्याच धंद्यावर अवलंबून आहे का? असेल, तर काही बचत बँकेत किंवा दुसऱ्या क्षेत्रात ठेवणेच शहाणपणाचे.